आधी खूण, मग खड्डा

ज्यांचा धंदा नीट चालतो त्यांच्याकडे सांगायला किस्से कुठून येतात, मला खरंच माहीत नाही. आमचा चालला नाही, म्हणून आमच्याकडे पोतंभर आहेत! कोणी चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा येतो, लोक हसतात, मीही हसतो. घरी परतताना मात्र कान गरम झालेले असतात. आज सगळेच सांगून टाकतो. शेवटचा अजून कोणालाच सांगितलेला नाही.

जामसंड्यात आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचं एक गोदाम आहे. त्याच्यावर एक खोली, बाहेरून लोखंडी जिना. त्या खोलीत आम्ही तिघांनी एक व्हिडिओ गेम बनवला. हो, व्हिडिओ गेम! सावियो कोडिंग करायचा. मालवणचा पोरगा, आजी गोव्याची, पणजीतली चांगली नोकरी सोडून आलेला. त्याचा आवाज कधी चढला नाही आणि त्याच्या मते त्याचं काही कधी चुकलंही नाही. काहीही बिघडलं की तो चष्मा पुसून म्हणायचा, "लॉजिक बरोबर आसा." मेधा आचऱ्याची, ती चित्रं काढायची. तिच्या तोंडाला लागायची आमची दोघांची हिंमत नव्हती. आणि मी गेम कसा खेळायचा ते ठरवणारा. म्हणजे पुढे जे जे ऐकाल त्यात दोष कोणाचा, हे शोधत बसू नका.

गेमचं नाव 'गडप'. भरतीबरोबर चाचे गावात शिरतात. तुम्ही त्यांच्याशी मारामारी करायचीच, पण खरी मजा सापळ्यांची. वाटेत खड्डा खणा, फास लावा, वरून ओंडका सोडा, आणि शत्रू गडप! कागदावर फार छान दिसत होतं.

*

कल्पना माझी, पण सापळे माझ्या तातूमामाचे.

मामा तळेऱ्याच्या आतल्या एका वाडीत राहतो. थोडी भातशेती, थोडी काजू. पण पंचक्रोशीत त्याचं नाव सापळ्यांसाठी. बांबूच्या कामट्यांचे मासे धरायचे सापळे, उंदरांचे सापळे, आणि पूर्वी रानडुकरांसाठी खणलेले खड्डे. डुकरांचं काम कायद्याने बंद झालं तसे त्याने सगळे खड्डे स्वतः बुजवले. तरी कुठे काय होतं ते अजून पायाने दाखवतो.

आम्ही तिघे वह्या घेऊन त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "मामानू, आमका खड्डो कसो करतत ता शिकवा." मामाने कुदळ हातात घेतलीच नाही. गोठ्यामागच्या कुंभ्याच्या झाडाचा एक टहाळा तोडला, तो उलटा धरला, म्हणजे शेंडा खाली, आणि वाटेवरच्या खांबाला डोळ्यांच्या उंचीवर सुंभाने बांधला. गाठ दाखवली. मग आमच्याकडून बांधून घेतली. एकदा नाही, तासभर! सावियोची गाठ सुटायची, माझी उलटी बसायची, मेधाची पहिल्याच खेपेला जमली.

सावियोने हळूच विचारलं, "मामानू, खड्डो केवा?"

"आदी खूण, मगे खड्डो," मामा म्हणाला. "डुकरासाठी खणलेल्या खड्ड्यात शेजारी पडलो, तर तोंड खंय दाखवतलंस?"

त्या पट्ट्यात ही खूण बघितली की माणूस पुढे पाऊल टाकत नाही. मागे फिरतो, नाहीतर लांबून हाक मारतो. का, कशाला, विचारत नाही. मामाने आमच्यासाठी एक खड्डा खणून दाखवला, वर काटक्या, पाला, माती कशी पसरायची ते दाखवलं, आणि मग जेवायच्या आधी तो बुजवला. मामी ताटं वाढून बसली होती. उघडा खड्डा ठेवून तो पानावर बसत नाही.

निघताना मी अगदी भरून येऊन म्हटलं, "मामानू, गेममधे तुमी असतल्यात! तुमचो चेरो, तुमचो आवाज!" मामी आतून म्हणाली, "बरो शर्ट घालूक हवो तर." मामा आम्हांला सोडायला गाडीपर्यंत आला, आणि तेवढ्यात त्याने दाढी कधी करून घेतली ते आम्हांला कळलंच नाही!

*

परत आल्यावर वही उघडली. पहिलं पान खुणेचं. मी ते पान वाचलं आणि म्हटलं, "ह्या काढून टाकूया."

सावियो म्हणाला, "कशाक?"

मी म्हटलं, "प्लेयर झाडाचो टहाळो बांधत बसणार? बोअर होतलो! तेका डायरेक्ट खड्डो होयो."

सावियोने चष्मा काढला. "पण मगे गावच्या माणसांका खड्डो कळतलो कसो? मी खुणेवर लॉजिक लावलेला. खूण दिसली की आपली माणसा थांबतत."

आणि मी जे बोललो ते मेधाने नंतर कागदावर लिहून माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलं. मी म्हटलं होतं, "आपलीच माणसा आसत. तेंका कळतला!"

*

आवाज घ्यायला मामा जामसंड्याला आला तेव्हा खरोखरच नवा शर्ट घालून आला. घडीच्या रेषा दिसत होत्या. आम्ही भिंतीला गाद्या लावल्या, पंखा बंद केला, खाली गोदामातल्या माणसांना पेट्यांना खिळे ठोकायचं थांबवायला सांगितलं. मामा माइकसमोर बसला आणि ट्रंक कॉल लागल्यासारखा ओरडला, "हॅलो! मी तातू बोलतंय!"

त्याला हळू बोलायला लावण्यात अर्धा दिवस गेला. मग मी कागद दिला. त्यावर वाक्यं होती: 'मर!', 'संपला तू!', 'आता सुटतोस कसा!' मामाने कागद लांब धरून वाचला आणि परत दिला.

"ह्या माझ्यान म्हणवचा नाय."

"मामानू, शत्रू आसत ते."

"जनावराक पण मी कदी मर म्हटलंय नाय. माणसाक कशाक म्हणू?"

मेधा हसायला लागली. शेवटी मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणाल? मामाने गुडघ्यावर हात ठेवला, आणि जसं काही समोर त्याचा शेजारीच चालत येतोय असं, काळजीने म्हणाला, "सांभाळ रे! हंय पाय ठेव नको!"

एका टेकमध्ये ओके. सावियोला इतकं आवडलं की त्याने पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. आमच्या सगळ्या गेममध्ये एकही बिघाड नसलेली तेवढी एकच गोष्ट.

*

पहिल्यांदा गेम सुरू केला त्या दिवशी आमचा कुरियरवाला पांडू पण तिथे होता. पांडू मामाच्याच वाडीतला, रोज जामसंडे-देवगड पार्सलं टाकायचा. वर आला की पाच मिनिटं आमच्या स्क्रीनसमोर उभा राहायचा. मी म्हटलं, "बघ हां पांडू, आता चाचे पटापट गडप!"

चाचे आले. बारा जण, काळे कपडे, हातात कोयते. मेधाने काय सुंदर काढले होते! खड्ड्याजवळ आले आणि थांबले. सावियोने शत्रूला इतकं हुशार केलं होतं की त्यांना खड्डा लांबूनच कळायचा. पण खड्डा ओलांडून जायचं की वळसा घालायचा हे त्याने त्यांना शिकवलं नव्हतं. म्हणून सगळे खड्ड्याभोवती गोल करून खाली बसले. पाच मिनिटं बसले. दहा मिनिटं बसले.

मेधा म्हणाली, "हे काय सत्यनारायणाक बसलेत काय रे?"

"लॉजिक बरोबर आसा," सावियो म्हणाला. "खड्डो दिसता, मगे पडतले कशाक?"

पांडूने पार्सल माझ्या हातात दिलं, सही घेतली आणि जाता जाता म्हणाला, "प्रसाद वाटूक लागले की माका फोन कर."

*

मग सावियोने शत्रूंना थोडं बावळट केलं. ते खड्ड्यात पडायला लागले, पण दहातला एखादाच. बाकीचे खड्ड्यावरून सरळ चालत जायचे, पायाखाली जमीन असल्यासारखे. फास लावला तर तो चाच्याच्या ऐवजी शेजारच्या माडाला पकडायचा. एकदा एक गाय ओंडक्याखाली सापडली आणि आकाशात गेली. ती परत आलीच नाही! मेधाला गाय फार आवडायची, तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

अशा अवस्थेत आम्ही गावच्या जत्रेत स्टॉल लावला. हा शहाणपणा पण माझाच. खेळण्यांची दुकानं आणि खाज्याचं दुकान यांच्या मधोमध आमचा टीव्ही. पहिलंच गिऱ्हाईक म्हणून शाळेतल्या एक बाई आल्या. अतिशय मन लावून खेळल्या. सूचना पूर्ण वाचल्या. नियमाप्रमाणे बारा सापळे लावले. मग मागे वळल्या आणि ओळीने बाराच्या बारा सापळ्यांत स्वतःच पडल्या.

मागे गर्दी जमली होती. बाईंनी रिमोट अलगद टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि मला अगदी शांतपणे विचारलं, "सर, यात शत्रू कोण आहे?"

मी टीव्हीची वायर तपासायला वाकलो. खाजेवाला मात्र हसता हसता काउंटरच्या खाली गेला.

*

गेम आम्ही तरीही बाहेर काढला. लोकांनी खाली प्रतिक्रिया लिहिल्या. एकाने लिहिलं, 'चित्रं सुंदर. शत्रू सुखरूप घरी पोचतात.' दुसऱ्याने लिहिलं, 'मी गेम बंद केला, चाचे अजून बसलेत.' मेधा त्या मोठ्याने वाचायची. पंधरा दिवसांत कोणी प्रतिक्रियासुद्धा लिहीनासं झालं. ते जास्त लागलं.

आणि मग तो व्हिडिओ आला.

जत्रेनंतर आम्ही मामालाही गेममध्ये घातला होता. मेधाने त्याला हुबेहूब काढला होता: तोच नवा शर्ट, खांद्यावर पंचा, किंचित पुढे वाकलेली चाल. मी त्याला एक काम दिलं होतं. खरा मामा जसा रोज सकाळी उठून आपले सगळे सापळे बघून येतो, तसा गेममधला मामाही प्रत्येक नव्या सापळ्यापाशी जाऊन तो तपासणार. मी हे फार प्रेमाने लिहिलं होतं! पण खूण मी काढून टाकली होती. त्यामुळे सापळा कुठे आहे एवढं त्याला कळायचं, कुठे थांबायचं ते कळायचं नाही. तुम्ही खड्डा खणला की म्हातारा लगबगीने यायचा, तुमच्याकडे वळून काळजीने म्हणायचा, "सांभाळ रे! हंय पाय ठेव नको!" आणि धाडकन आत!

कोणीतरी हे एकामागून एक एकोणीस वेळा जोडून व्हिडिओ बनवला. मागे ढोल लावला. तो पसरला. कुठून कुठे गेला ते विचारू नका. जामसंड्याच्या नाक्यावर पोरं "सांभाळ रे!" ओरडून गटारावरून उड्या मारायला लागली. लोक फक्त म्हातारा पडताना बघायला गेम उतरवून घ्यायला लागले. प्रतिक्रिया यायला लागल्या: 'म्हातारा बेस्ट!', 'म्हाताऱ्यासाठी पाच स्टार!'

तिसऱ्या दिवशी सावियो म्हणाला, "दुरुस्त करतंय. खूण परत घातली की झाला. दोन तासांचा काम."

मी म्हटलं, "आठवडाभर राहू दे."

मेधाने माझ्याकडे बघितलं. ती काहीतरी तोडून बोलेल अशी मी वाट बघत होतो. सावियोने "लॉजिक बरोबर आसा" असंसुद्धा म्हटलं नाही. आम्ही तिघांनी आपापल्या स्क्रीनकडे तोंडं केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आमचा गेम खेळत होतं, आणि मला ते सोडवेना. एवढंच कारण होतं. दुसरं काही नाही. त्या आठवड्याचे दोन महिने झाले.

*

मामाकडे साधा बटणांचा फोन. दर रविवारी तो फोन करायचा आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायचा, "ता काम झाला काय रे, माझा?"

"चालू आसा, मामानू. थोडा रवला."

मामीला मी सांगून ठेवलं होतं की तुमच्या वाडीत नेट पोचत नाही तोवर ते दिसायचं नाही. ती बिचारी ग्रामपंचायतीत टॉवरसाठी अर्ज देऊन आली!

मग एकदा मामा बी-बियाण्यांसाठी देवगडला आला. ऑफिसात नेणं शक्य नव्हतं. म्हणून मी त्याला थेट हॉटेलात नेलं, उसळपाव मागवला. तेवढ्यात पोऱ्याने फरशी पुसली, आणि एक गिऱ्हाईक ओल्या फरशीवरून यायला लागलं. गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता ओरडला, "सांभाळ रे! हंय पाय ठेव नको!" सगळं हॉटेल हसलं.

मी मान खाली घातली. मामाचा घास हातातच राहिला.

"ऐकलंस मा?" तो म्हणाला. "माझाच वाक्य ता!"

मी पाव मोडत राहिलो.

"म्हणजे लोक सांभाळूक लागले म्हणायचे." त्याचा चेहरा इतका उजळला होता, की काय सांगू. त्याने गल्ल्यावरच्या माणसाकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघतात तशी. त्या माणसाने पण हसून हात वर केला. मामाने शेव अजून मागून घेतली, आणि परत निघेपर्यंत दोनदा म्हणाला, "बरां काम केलंस बाबू."

 त्या क्षणी सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी पाणी प्यालो आणि त्याला गाडीत बसवून दिलं.

*

आता शेवटचा.

एका गुरुवारी सकाळी साडेदहाला लोखंडी जिना वाजला. पांडू असेल म्हणून मी मान वर केली नाही. दारात मामा. तोच शर्ट, आता दोनचार धुण्यांतून गेलेला. हातात कापडी पिशवी. वर आला तसा थोडा धापत होता. मेधाने खुर्ची दिली, तो बसला. पिशवी मांडीवर ठेवली, खाली ठेवली नाही.

मी बोलत सुटलो. नेट स्लो आहे, नवं व्हर्जन येतंय, आज नेमका सर्व्हर बंद आहे. सर्व्हर म्हणजे काय हे मामाला माहीत नव्हतं आणि आमच्याकडे तो नव्हताही. मामाने सगळं ऐकून घेतलं.

"माका खंय घातलंस, दाखव," तो म्हणाला.

सावियोने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने स्क्रीन मामाकडे वळवली आणि गेम सुरू केला.

मामाने गाव बघितलं, माड बघितले. गोठ्यामागचं झाड बघून म्हणाला, "कुंभयो बरो काढलास गो बाय." मेधाने मान हलवली. मग सावियोने एक खड्डा खणला. डावीकडून म्हातारा आला. पंचा, शर्ट, ती चाल. "सांभाळ रे! हंय पाय ठेव नको!" आणि आत.



"परत," मामा म्हणाला.

सावियोने परत खणला. म्हातारा परत आला, परत म्हणाला, परत पडला. मामाने चार वेळा बघितलं. पुढे वाकून, डोळे बारीक करून, जसा तो मोडलेला सापळा बघतो तसा.

"खूण खंय आसा?"

"काढली, मामानू."

"कोणी काढल्यान?"

सावियो आणि मेधा दोघंही कीबोर्डकडे बघत होते. "मी," मी म्हटलं.

"तेका सांगलंस काय, हंय खड्डो आसा म्हणान?"

"नाय."

"मगे पडतलोच तो," मामा म्हणाला.

बस. त्याने चहा घेतला. माझ्या आईची गुडघेदुखी कशी आहे विचारलं. मेधाला सांगितलं की पंचा उजव्या नाही, डाव्या खांद्यावर असतो. मी जिन्यापर्यंत गेलो, तर म्हणाला, "बस तू, काम कर." जिना वाजत वाजत खाली गेला, मध्ये कुठेतरी थोडा वेळ थांबला, मग परत वाजला. म्हातारा माणूस, दम लागला असेल, असं मला वाटलं.

आत येऊन बघतो तर सावियोने कोड उघडलं होतं.  मेधाने टहाळा काढला, शेंडा खाली, सुंभाच्या गाठीसकट. तिला ती गाठ अजून येत होती. दोन तासांचं काम तासात झालं. सावियोने खड्डा खणला, खूण बांधली. डावीकडून म्हातारा आला. खुणेपाशी आला, आणि थांबला. वळून म्हणाला, "सांभाळ रे! हंय पाय ठेव नको!" आणि तसाच उभा राहिला, दोन्ही पायांवर.

मेधाने डोळे पुसले. सावियो म्हणाला, "लॉजिक..." आणि गप्प बसला. मला तर इतकं हलकं वाटलं की मी म्हटलं, चला, वडापाव माझ्याकडून! संध्याकाळी मामाला फोन करून सांगतो, पुढच्या रविवारी घेऊनच जातो दाखवायला, असं काय काय बोलत मी सगळ्यांच्या पुढे जिना उतरायला लागलो.

जिन्याच्या मध्यावर, कठड्याच्या खांबाला, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, कुंभ्याचा टहाळा बांधलेला होता. शेंडा खाली. सुंभाची गाठ.

मी हात लावून बघितला. पानं मलूल झाली होती. तळेऱ्याहून निघणाऱ्या सकाळच्या पहिल्या गाडीच्याही आधी तोडलेली असावीत. म्हणजे मामाने स्क्रीन बघायच्या आधीच टहाळा त्या पिशवीत होता.

आम्ही तिघे एकामागे एक जिन्यावर उभे होतो. खाली पांडूची मोटरसायकल थांबली. तो खोका काखेत घेऊन रोजच्यासारखा धडाधड जिना चढायला लागला, तीन पायऱ्या चढला, मान वर केली, आणि थांबला. आमच्याकडे बघितलंच नाही त्याने. टहाळ्याकडे बघितलं. मग एक एक पायरी करत उलटा उतरला, खोका खालच्या पायरीवर ठेवला, आणि रस्त्यावर जाऊन लांबून ओरडला,

"पार्सल खाली ठेवलंय हां! मी वर येवचंय नाय!"